मचाणावरचा एक शब्द

बाबांचा हात विवेकच्या खांद्यावर होता. कांचन स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघत राहिली आणि चहा उतू गेल्यावरच तिचं शेगडीकडे लक्ष गेलं.

मागच्या अंगणात मेपलखाली फोमचं हरीण उभं होतं. खऱ्या हरणाएवढंच, पण सतत बाण खाऊन त्याची कूस चाळणीसारखी झालेली. बाबा दर वेळी ते थोडं फिरवून ठेवत, मागे येत आणि विवेकला विचारत, "आता?" विवेक जरा विचार करून सांगे. उत्तर बरोबर आलं की बाबा मान डोलवत आणि हात परत त्याच्या खांद्यावर जाई. मग दोघं काहीतरी बोलत आणि हसत. काच बंद होती, त्यामुळे काय बोलले ते ऐकू येत नव्हतं. ऐकू आलं असतं तरी सगळं समजलं असतंच असं नाही.

कांचनलाही हे सगळं याच अंगणात शिकवलं होतं, चार वर्षांपूर्वी. तेव्हा बाबांचे हात पूर्ण वेळ पाठीमागे बांधलेले होते.

डॉक्टर रवींद्र वैरागडे मूळचे अमरावतीचे. साठच्या दशकाच्या शेवटी ते पेनसिल्व्हेनियात आले आणि स्टेट कॉलेजजवळच्या एका लहान हॉस्पिटलात सर्जन म्हणून निवृत्त होईपर्यंत राहिले. धनुष्याचा नाद त्यांना तिथल्याच एका भूल देणाऱ्या डॉक्टरने लावला. दर ऑक्टोबरात ते डोंगरात जात आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत येत. कांचनची आई, नंदा, पुण्याची. तिने नवऱ्याला कधी अडवलं नाही, पण ते मांस तिच्या स्वयंपाकघरात शिजायचं नाही हे पहिल्याच वर्षी सांगून टाकलं. म्हणून गॅरेजमध्ये एक वेगळी शेगडी आली, वेगळं पातेलं आलं, आणि वर्षातून एखादा रविवार बाबा तिथे एकटेच रस्सा ढवळत उभे असत.

कांचनचा भाऊ वेद बारा वर्षांचा झाला तसं बाबांनी त्याला बरोबर नेलं. कांचन त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. तिनेही आपली दप्तराची पिशवी भरून ठेवली होती, त्यात मोजे आणि सँडविच. "तू आईजवळ थांब," बाबा म्हणाले. वेदने पहिलं हरीण पडताना पाहिलं आणि तो परतीच्या वाटेवर रडतच राहिला. परत कधी गेला नाही. आता तो दूर पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला असतो, त्याला धनुष्य या विषयाचंच हसू येतं. त्याची जागा मात्र रिकामीच ठेवली गेली, तिकडे कोणी कांचनला बोलावलं नाही.

आई गेल्यावर, सदतिसाव्या वर्षी, कांचनने स्वतःच विषय काढला. ती रेडिओलॉजिस्ट. दिवसभर माणसांच्या छातीचे फोटो वाचायचे, कुठल्या बाजूने काय दिसतं आणि कशाआड काय लपतं हे ओळखायचं, हाच तिचा धंदा. शिकायला तिला वेळ लागला नाही. बाबांचा नियम दोन ओळींचा होता आणि तो ते मराठीतच सांगत, कारण जंगलात कुजबुजायला त्यांनी आपलेच शब्द तयार केले होते. हरीण आडवं, म्हणजे कूस आपल्याकडे करून उभं असेल, तर बाण सोडायचा. पाठमोरं तिरकं असेल, म्हणजे त्याचा पुठ्ठा आपल्याकडे आणि तोंड पलीकडे, तर शेवटच्या बरगडीजवळून पलीकडच्या पुढच्या पायावर नेम धरून सोडायचा. बाकी सगळ्याला हात जोडायचे. समोरून येणारं, तोंडाकडून तिरकं, मचाणाच्या थेट खाली आलेलं, कितीही मोठं असो, कितीही जवळ असो. "तोंडाकडून तिरक्याला मध्ये खांद्याचं हाड येतं," बाबा सांगत. "हाड चुकवलंत तर एक फुप्फुस मिळतं, दुसरं राहतं. बाण पोटात जातो. ते जनावर मरतं, पण उद्या."

मागच्या वर्षी कांचनने एक मादी पाडली. आडवी, दोन्ही फुप्फुसांतून, अगदी शांतपणे. बाबा गुडघ्यावर बसले, जखमेत बोट घालून पाहिलं, म्हणाले, "बरोबर." आणि दोर आणायला ट्रककडे गेले. तो एक शब्द तिने वर्षभर पुरवून वापरला.

आणि आता हा विवेक. हवामानशास्त्रात पीएचडी करणारा, नागपूरचा, सव्वीस-सत्तावीसचा मुलगा. जानेवारीत तो बाबांच्या तळघरातल्या खोलीत राहायला आला, कारण त्याच्या अपार्टमेंटमधले दोघं पदवी घेऊन निघून गेले होते आणि बर्फात बसची वाट बघून तो कंटाळला होता. कांचननेच ते जमवून दिलं. बाबा एकटे असतात, घरात कोणी असलेलं बरं, असा तिने विचार केला होता. मार्च येईतो तो बाबांना त्यांच्याच गाडीतून दवाखान्यात नेऊ लागला होता. मे महिन्यात त्याने धनुष्य हातात घेतलं.

पण कांचनला खरं लागलं ते वेगळंच. घरात बोलली जाणारी मराठी आईची होती, पुण्याची, आणि कांचनची मराठी त्याच मराठीचं लहान मुलीचं रूप. बाबा चाळीस वर्षं आईच्याच मराठीत बोलले. विवेक आला आणि त्यांच्या तोंडून निराळीच भाषा बाहेर पडू लागली. "काऊन, जेवून नाही राहिला?" असं बाबा म्हणाले तेव्हा कांचनला वाटलं, कोणी दुसरंच बोललं. ती पाहुण्यासारखी बघत राहिली. विवेक त्याच चालीत उत्तर देई आणि बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. बाबा असे हसतात हे तिला एक्केचाळीस वर्षांत माहीत नव्हतं.

त्यात तो वारा ओळखायचा. कोणती झुळूक सकाळी डोंगरावरून खाली येते, ऊन चढल्यावर कशी उलटते, हरणाला आपला वास कधी जाईल, हे तो ढगांकडे बघून सांगायचा आणि ते खरं निघायचं. बाबा त्याला ट्रकमध्ये पुढे बसवू लागले. कांचन मागे, धनुष्यांजवळ.

दसरा त्या वर्षी आठवड्याच्या मधे आला म्हणून मीनाक्षीकाकूंकडे शनिवारी जेवण होतं. मीनाक्षीकाकू म्हणजे आईची मैत्रीण, गावातल्या मराठी घरांना बांधून ठेवणारी. बाबा दर दसऱ्याला घरी आपल्या धनुष्याला हळद-कुंकू वाहत. कांचन आपलं धनुष्य घेऊन बाबांच्या घरी पोहोचली तेव्हा पूजा झालेली होती. पाटावर बाबांचं धनुष्य होतं आणि शेजारी विवेकचं, दोन्हींवर झेंडूचं एकेक फूल.

"अगं, तू आणशील असं वाटलं नाही," बाबा म्हणाले. "मांड ना, जागा आहे."

तिने मांडलं नाही. गाडीतच राहू दिलं.

काकूंकडे जेवताना बाबांनी सगळ्यांना गोष्ट सांगितली. शिकारीच्या सीझनच्या पहिल्याच आठवड्यात विवेकसमोर एक मादी आली होती, अगदी जवळ, पण तोंडाकडून तिरकी. त्याने दोरी ओढलेली होती. हात भरून येईपर्यंत तो थांबला, ती वळली नाही, आणि त्याने दोरी हळूच परत सैल केली. "पहिल्या वर्षाला," बाबा म्हणाले. "पहिल्या वर्षाला मला नव्हतं जमलं. ऑपरेशन न करण्याचा निर्णय घ्यायला मला दहा वर्षं लागली होती." मीनाक्षीकाकूंनी कौतुकाने विवेकच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली. विवेक लाजून म्हणाला की यात काय, काकांनीच तर शिकवलं.

कांचनने असं तीन वेळा केलं होतं. तीन वेळा दोरी सैल केली होती आणि घरी येऊन सांगितलं होतं, आणि बाबांनी "हं" म्हटलं होतं. ती पोळीवरचं तूप बोटाने पसरवत म्हणाली, "मादीच्या वेळी सोपं असतं. मोठा नर आला की कळतं कोण किती थांबतं." तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला आणि आवडला नाही, पण शब्द परत घ्यावेत असंही वाटलं नाही.

पुढच्या शनिवारी पहाटे तिघं डोंगरात गेले. बाबांचं जुनं मचाण डोंगराच्या सोंडेवर ओकच्या झाडाला बांधलेलं होतं, शिडीचं, दोघं बसतील असं. त्यांनी आता स्वतः बाण मारायचं सोडलं होतं. खांदा साथ देत नव्हता. पण वर चढून शेजारी बसायला त्यांना आवडायचं. त्या मचाणावर मागच्या वर्षी त्यांच्या शेजारी कांचन बसली होती. या वर्षी त्यांनी सांगितलं की विवेक नवीन आहे, त्याच्याजवळ कोणी असलेलं बरं, तू खाली ओढ्याजवळच्या मचाणावर बस, तुला एकटीला जमतं. यात खोटं काहीच नव्हतं. तिला एकटीला जमत होतं. तिने बॅटरी लावली आणि उतार उतरून गेली.

ओढ्यावर धुकं साचलं होतं. ती झाडाला पाठ टेकून बसली आणि तिने काहीच ऐकलं नाही असं नाही, खारी ऐकल्या, लांब रस्त्यावरून गेलेला एक ट्रक ऐकला. पण डोक्यात सगळा वेळ वरचं मचाण होतं. ते दोघं कुजबुजत असतील. थर्मास उघडला असेल. बाबांनी त्याला पहिला कप दिला असेल. आपण चाळिशी उलटलेली बाई आहोत, आपल्याला घर आहे, काम आहे, आणि आपण एका कप कॉफीवरून जळतोय, असं तिने स्वतःला सांगितलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

ऊन फुटलं, धुकं पातळ झालं आणि वरून काहीतरी आलं. पळत नव्हतं, अडखळत होतं. झुडपांमधून एक नर बाहेर आला, आठ टोकांच्या शिंगांचा, एवढा मोठा तिने या डोंगरात पाहिला नव्हता. ओढ्याच्या काठाशी तो थांबला, पाठ कमानीसारखी वर काढून, मान खाली. त्याच्या छातीवर, खांद्याच्या पुढे, बाणाचा पिसांकडचा मोडका तुकडा बाहेर दिसत होता.

ती उभी राहिली. दोरी ओढली. नर पाण्याकडे एक पाऊल पुढे गेला आणि आडवा झाला. तिने बाण सोडला. नर चार उड्या मारून पलीकडच्या काठावर कोसळला, एकदा पाय झाडले आणि शांत झाला.

ती खाली उतरली, पाण्यातून पलीकडे गेली आणि गुडघ्यावर बसली. तिचा बाण कुठून गेला ते तिला माहीतच होतं. तिने दुसरी जखम पाहिली. पुढून आत, खांद्याच्या कडेने, मागे पोटाकडे. रक्तात हिरवट अंश होता आणि वास येत होता. एक फुप्फुस, बहुतेक यकृत, आणि पोट. तिच्यासमोर आला नसता तर हा नर कुठेतरी झुडपात संध्याकाळपर्यंत बसून राहिला असता.

तोंडाकडून तिरका. शंकाच नव्हती. दसऱ्याच्या जेवणातलं ते कौतुक, ती पुरणपोळी, आणि दुसऱ्याच आठवड्यात हे. कांचनला आनंद झाला. मेलेल्या जनावराशेजारी बसून तिला आनंद झाला, आणि तो लपवायला तिथे कोणी नव्हतं.

बऱ्याच वेळाने दोघं रक्ताच्या खुणा शोधत उतारावरून आले. विवेक पुढे होता, बाबा मागे, काठी टेकत. विवेकचा चेहरा उतरलेला होता. नर पडलेला दिसला तसा तो थबकला, मग कांचनच्या बाणाकडे पाहून त्याने मोठा श्वास सोडला.

"थँक यू, ताई," तो म्हणाला. "फार वाईट झालं असतं."

"झालंय वाईट," कांचन म्हणाली. "हे बघ कुठून गेलाय. हा आडवा होता का?"

"नाही."

"पाठमोरा होता?"

"नाही, ताई. तिरका होता. तोंडाकडून." त्याने बाबांकडे पाहिलं नाही. "मी दोरी ओढली होती. काका म्हणाले, सोड. म्हणजे हरीण सोड, असं. मी उलटं ऐकलं. मला वाटलं बाण सोड म्हणून राहिले."

कांचन बाबांकडे वळली. ते ओढ्याच्या अलीकडे एका पडलेल्या ओंडक्यावर बसले होते आणि बुटावरचा चिखल काठीने काढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मग तिने विवेकला सुनावलं. आवाज न चढवता. बाबांचेच शब्द, त्यांच्याच क्रमाने, हाड, फुप्फुस, पोट, उद्या. ती म्हणाली की कोणी काहीही सांगो, बोटं तुझी असतात. आणि मग, ते तिला बोलायची गरज नव्हती हे तिला बोलतानाच कळत होतं, ती म्हणाली, "तुझं मराठी तर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. तुला कसं उलटं ऐकू आलं?"

विवेक मान खाली घालून उभा राहिला. "चुकलं, ताई," एवढंच म्हणाला. त्याने दोर काढला आणि नराच्या शिंगांना बांधायला बसला. तिघांनी मिळून तो वर ओढून आणला. बाबा मधे मधे थांबत होते.

घरी आल्यावर नर गॅरेजमध्ये टांगला. दुपार झाली होती. पोटात गेलेला बाण आतमध्ये घाण करून गेला होता, त्यामुळे बरंचसं मांस टाकावं लागणार होतं. विवेक बर्फ आणायला गेला. कांचनने रबरी हातमोजे घातले आणि विवेकच्या बाणाच्या जखमेत एक लांब सळी घालून तिची वाट बाबांना दाखवायला लागली. ते तिला दाखवायचंच होतं. खिडकीतून आत येणाऱ्या उजेडात ती सळी अगदी स्वच्छ दिसत होती, पुढून आत, मागे खोल.

"बघा," ती म्हणाली. "अर्ध्याहून जास्त समोर तोंड होतं त्याचं. थोडा तिरका नव्हे. हे कोणालाही दिसलं असतं."

बाबा शेगडीजवळच्या लोखंडी खुर्चीत बसले होते. कोट अजून अंगावरच होता.

"दिसलं होतं," ते म्हणाले. "त्याला दिसलं होतं. त्याने धनुष्य खाली घ्यायला सुरुवात केली होती, कांचन. मी म्हटलं, सोड."

"हो, ते त्याने सांगितलं."

"त्या शब्दाचे दोन अर्थ होतात हे खरं." बाबांनी हात मांडीवर पुसले. "माझ्या मनात एकच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी परत म्हटलं."

कांचनने सळी बाहेर काढली नाही.

बाबा थांबत थांबत सांगत गेले. तीस-पस्तीस वर्षांत एवढा नर त्यांनी या डोंगरात पाहिला नव्हता. शिडी चढताना त्या पहाटे त्यांना दोनदा थांबावं लागलं होतं, आणि वर पोहोचल्यावर त्यांना वाटलं होतं की पुढच्या वर्षी आपल्याला हे जमणार नाही. नर समोर आला तेव्हा त्यांनी विचार केला नाही. हातात धनुष्य नव्हतं, पण मनाने त्यांनी दोरी ओढली होती. "माझ्याच्याने थांबवलं गेलं नाही," ते म्हणाले. "एवढी वर्षं सगळ्यांना शिकवून."

"आणि ओढ्यावर? मी त्याला एवढं बोलले, तुम्ही बसून होतात."

"त्याने एकदम सांगून टाकलं ना, उलटं ऐकलं म्हणून. मी त्याला सांगितलं नव्हतं तसं बोलायला. पण त्याने म्हटलं आणि मला बरं वाटलं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग परत सळीकडे. "तुझ्यासमोर मला चुकता येत नाही."

"म्हणजे काय?"

"तू बघत असतेस. लहानपणापासून. मी सायकल दुरुस्त करत असलो तरी दारात उभी राहून बघायचीस, आणि मला वाटायचं, हिला कळतंय की मला येत नाही. वेदचं लक्ष नसायचं. याचं तर... हा मला देव समजतो. त्याच्याशी बोलताना मला सोपं जातं. मागच्या वर्षी तुझी ती मादी. तेवढा चांगला बाण मी कधी मारला नव्हता. मला काय बोलावं ते कळलं नाही."

इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते असं आलं, रक्ताने माखलेल्या गॅरेजमध्ये, कोट न काढता, आणि त्यातही अर्धा भाग असा की ऐकून बरं वाटावं की वाईट, ते तिला ठरवता येईना. ती बघत होती म्हणून ते तिला जवळ घेत नव्हते. हे तिने न मागितलेलं उत्तर होतं. सळी काढली, पुसली, भिंतीला टेकवून ठेवली.

विवेक बर्फाच्या पिशव्या घेऊन आला तेव्हा बाबा आत जाऊन पडले होते. कांचनने त्याच्या हातातली एक पिशवी घेतली आणि म्हणाली की बाबांनी तिला खरं सांगितलं.

तो गडबडला. "काऊन सांगितलं त्यांनी," तो पुटपुटला.

"तू खोटं का बोललास?"

त्याने पिशवी खाली ठेवली. "शिडीवरून खाली उतरले ना, ताई, तेव्हा त्यांचे हात थरथरून राहिले होते. बोलून नव्हते राहिले. मला वाटलं, तुमच्यासमोर त्यांना ते म्हणायला लागू नये. माझं काय, मी नवीनच आहे. चुकलो तर चाललं असतं."

त्यात मोठेपणाचा आव नव्हता, आणि म्हणूनच कांचनला ते जास्त लागलं. त्या हातांकडे तिचं लक्ष गेलं नव्हतं. ओढ्यावर बाबा तिच्यासमोर बसले होते, आणि ती, जिला सगळं दिसतं, ती मेलेल्या नराची जखम वाचत होती. तिने विवेकची माफी मागितली. तिला ते नीट जमलं नाही, इंग्रजीत सुरुवात केली, मराठीत संपवली. तो "अहो ताई, जाऊ द्या" म्हणाला आणि सुरी धुवायला गेला.

मांस थोडंच वाचलं. रविवारी विवेकने गॅरेजमध्ये त्याचा सावजी रस्सा केला, इतका तिखट की कांचनच्या नाकातोंडातून पाणी आलं. बाबांनी दोन वाट्या घेतल्या. तिला कळलं की आपण दोन वाट्या मोजल्या. मोजणं काही थांबलं नव्हतं.

बाबा त्यानंतर मचाणावर चढले नाहीत. त्या सीझनला ते रस्त्याकडेला ट्रकमध्ये थर्मास घेऊन बसत, आणि कांचन आणि विवेक दोघं वर जात, वेगवेगळ्या झाडांवर. विवेकने त्या वर्षी काहीच मारलं नाही. पुढच्या वर्षी एक मादी मारली, पाठमोरी तिरकी, आणि बाबांआधी कांचनला दाखवायला आणली. तिने जखम पाहिली. "चांगला बाण," ती म्हणाली, आणि मग जरा प्रयत्न करून म्हणाली, "फार चांगला."

सन दोन हजार सातच्या उन्हाळ्यात विवेकचं शिक्षण संपलं आणि तो टेक्ससला, अर्विंगला, हवामानाचे अंदाज देणाऱ्या एका कंपनीत लागला. तळघरातली खोली रिकामी झाली. बाबा काही दिवस जेवणाच्या वेळी जिन्याकडे बघत. कांचन शनिवार-रविवार त्यांच्याकडेच राहू लागली.

ऑक्टोबरात बाबा म्हणाले की मचाण नको, पण एकदा डोंगरात जाऊ या, जमिनीवरच बसू. तिने ओढ्याजवळ पडलेल्या फांद्या रचून आडोसा केला, त्यांच्यासाठी घडीची खुर्ची नेली, पायांवर घोंगडी टाकली. ऊन वर आलं तसा एक नर उतारावरून आला. मोठा नव्हता, पण चांगला होता. थेट त्यांच्याकडे तोंड करून तो चालत आला आणि इतक्या जवळ थांबला की त्याच्या नाकपुड्या हलताना दिसत होत्या. कांचनने दोरी ओढलेली होती. तिला शेजारी बाबांचा श्वास ऐकू येत होता. ते काही बोलतील असं तिला वाटलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. तिच्या पाठीत कळ आली, दंड भरून आला, आणि नराने एकदा पाय आपटला, मागे वळून एका उडीत झुडपांत गेला. त्याची पाठमोरी बाजू क्षणभरच दिसली, तीही पळताना. तिने दोरी हळूच सैल केली.

मग बाबांनी घोंगडीतून हात बाहेर काढून तिच्या दुखऱ्या दंडावर ठेवला, आणि जरा दाबला.

"विवेकला सांगायला हवं," ते म्हणाले. "लाव बरं त्याला फोन. खूश होईल तो."

कांचनला पुन्हा तेच टोचलं, ओळखीचं. ती स्वतःशीच हसली. डोंगराच्या या बाजूला फोन लागत नव्हता. तिने खुर्ची घडी केली, बाबांना हात देऊन उभं केलं, आणि रस्त्यापर्यंत चालत नेऊन तिथून नंबर लावला.